हंगामाचा हिशेब

गेल्या पौषांतील एका संध्याकाळची गोष्ट. बाहेर थंडी मी म्हणत होती. घरांतील मुलें पांघरुणें घेऊन दूरचित्रवाणीपुढें बसलीं होतीं, आणि पडद्यावर युरोपांतील कोणत्याशा पर्वतावर बर्फाच्या शर्यती चालल्या होत्या. पायांस लांब पट्ट्या बांधलेले तरुण खेळाडू एकामागून एक उतारावर सुटत, रोंवलेल्या काठ्यांस वळसे घालीत, आणि बघतां बघतां तळाशीं येऊन थांबत. आमच्या अंबड तालुक्यांत बर्फ पाहावयाचा तो रसवंतीवाल्याच्या पेटींत; त्यामुळें घरांतील वडील मंडळीहि हळूहळू तेथें येऊन बसली. निवेदक सांगत होता कीं, आज शर्यत येथें झाली, चार दिवसांनीं दुसऱ्या देशांत आहे आणि पुढल्या आठवड्यांत तिसऱ्या. तें ऐकून आमच्या नातीनें विचारलें, "आबा, मग हीं माणसें घरीं केव्हां जातात?"

प्रश्न लहानसा होता, पण घरांत क्षणभर कोणी बोललें नाहीं. कारण विचारणारी मुलगी स्वतः धांवणारी आहे. आमच्या धाकट्या बंधूंची ती नात. तिला पंधरावें वर्ष चालू आहे. यंदाच्या शालेय क्रीडास्पर्धेंत पंधराशे मीटरच्या शर्यतींत ती तालुक्याला पहिली आली, जिल्ह्याला दुसरी आली, आणि विभागाला गेली तेव्हां आठवी आली. त्या दिवसापासून तिचे बूट जिन्याखालीं पडले होते, आणि घरांत मतांतरें चाललीं होतीं. आमच्या भावजयींचें म्हणणें, "झाली हौस, पुढल्या वर्षीं दहावी आहे, आतां अभ्यासाला लागूं द्या." धाकट्या सुनेचें म्हणणें, "मुलगी मोठी झाली, गांवोगांव तिला कोण घेऊन फिरणार?" मुलीच्या वडिलांचें म्हणणें कांहींच नव्हतें, ते आमच्याकडे पाहत. तीस वर्षें शाळेंत मुलांचे निकाल लावलेल्या माणसाकडून त्यांस आणखी एक निकाल हवा होता.

तो निकाल आम्हीं त्या संध्याकाळीं दिला नाहीं. नातीच्या प्रश्नाचें उत्तर शोधण्याच्या निमित्तानें पुढले कांहीं आठवडे आम्ही जें वाचीत गेलों, आणि वाचतांना आमच्या स्वतःच्या आयुष्यांतील जी एक जुनी गोष्ट आम्हांस वारंवार टोंचूं लागली, तें सर्व वाचकांपुढें ठेवावें म्हणून हा लेख.

प्रथम त्या बर्फावरच्या मंडळींविषयीं. त्यांचा हंगाम ऑक्टोबरांत ऑस्ट्रिया देशांतील सोल्डेन येथें हिमनदीवर सुरू होतो आणि मार्चांत संपतो. १९६७ सालीं सुरू झालेली त्यांची जागतिक चषकाची मालिका अशीच पर्वतापर्वतांवरून फिरत असते. ज्या गांवीं बर्फ चांगला, त्या गांवीं शर्यत. आणि शर्यतीचा निकाल सेकंदाच्या शंभराव्या भागांत लागावयाचा. आपल्या देशांतहि हा खेळ खेळणारे आहेत. मनालीजवळच्या आंचल ठाकूर यांनीं जानेवारी २०१८ मध्यें तुर्कस्तानांतील एर्झुरूम येथें कांस्यपदक मिळविलें. काश्मीरांतील गुलमर्गच्या उतारांवर वाढलेले आरिफ खान हे फेब्रुवारी २०२२ मध्यें बीजिंग येथील हिंवाळी ऑलिंपिकमध्यें भारताचे एकटेच प्रतिनिधि होते. राष्ट्रध्वज त्यांच्या हातीं होता, संघहि तेच आणि संघनायकहि तेच. एका शर्यतींत ते पंचेचाळिसावे आले आणि दुसरी त्यांस पुरी करतां आली नाहीं. पंचेचाळिसावा हा आंकडा ऐकून आमच्या घरांतहि कोणीतरी हंसलेंच. परंतु त्या आंकड्यामागें किती हिंवाळे, किती परदेशचे प्रवास आणि पैशासाठीं किती दारें ठोठावणें होतें, याचा विचार हंसणाराच्या मनांत येत नाहीं. आमच्याहि मनांत प्रथम आला नव्हता.

परंतु बर्फाची उपमा आमच्या भागास फारशी लागू पडत नाहीं. जालना जिल्ह्यांत 'हंगाम' हा शब्द उच्चारला कीं डोळ्यांपुढें पर्वत येत नाहीं, ऊस येतो. दसरा-दिवाळी झाली कीं आमच्या अंबड, घनसावंगी, मंठा या तालुक्यांतून आणि गोदावरीपलीकडच्या बीड जिल्ह्यांतून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. मुकादमाची उचल घेतलेलीं नवराबायकोचीं जोडपीं, ज्यांस त्या धंद्यांत एक 'कोयता' म्हणतात, तीं भांडींकुंडीं, शेळी आणि पोरें गाडींत घालून कारखान्याच्या वाटेस लागतात आणि पांच-सहा महिने उसाच्या फडाशेजारीं कोपींत राहतात. दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळा उघडे तेव्हां आमच्या वर्गांतील मागचीं बांकें निम्मीं रिकामीं असत. 'हीं माणसें घरीं केव्हां जातात' हा प्रश्न वस्तुतः आम्हीं तीस वर्षें दर दिवाळीस विचारावयास हवा होता. आम्हीं फक्त हजेरीपटावर गैरहजेरीच्या खुणा केल्या.

असो. नातीला उदाहरण द्यावयाचें तर आपल्या मातीचें द्यावें, असें आमच्या मनांत आलें. आणि असें उदाहरण फार दूर नव्हतें. आमच्या तालुक्यांतील शहागडचा पूल ओलांडला कीं गोदावरीच्या दक्षिणेस बीड जिल्हा लागतो. त्याच जिल्ह्याच्या दुसऱ्या टोंकास आष्टी तालुक्यांत मांडवा नांवाचें खेडें आहे. तेथें १३ सप्टेंबर १९९४ रोजीं अविनाश मुकुंद साबळे यांचा जन्म झाला. घरची स्थिति मोलमजुरीची. आईबाप वीटभट्टीवर कामास जाणारे. शाळा सहा किलोमीटर दूर आणि वाहन नाहीं; म्हणून हा मुलगा कधीं चालत, बहुधा धांवत, शाळेस जाई. बारावीनंतर ते सैन्यांत महार रेजिमेंटमध्यें भरती झाले. २०१३-१४ सालीं त्यांची नेमणूक सियाचीनच्या हिमनदीवर होती. पुढें राजस्थानचें वाळवंट आणि त्यानंतर सिक्कीम. म्हणजे आमच्या या कोरड्या मराठवाड्याच्या मुलानेंहि बर्फ पाहिला. पण तो खेळण्यासाठीं नव्हे, पहारा करण्यासाठीं.

सैन्यांतच ते प्रथम लांब पल्ल्याच्या शर्यतींत उतरले, आणि २०१७ च्या सुमारास प्रशिक्षक अमरीश कुमार यांच्या सांगण्यावरून तीन हजार मीटरच्या अडथळ्यांच्या शर्यतीकडे वळले. ही शर्यत कशी असते तें थोडक्यांत सांगणें अवश्य आहे. मैदानाला साडेसात फेऱ्यांच्या आसपास धांवावयाचें. वाटेंत अठ्ठावीस वेळां लांकडी अडसर ओलांडावयाचा आणि सात वेळां पाण्याचा खड्डा. पुरुषांसाठीं अडसराची उंची सुमारें एक्याण्णव सेंटिमीटर, स्त्रियांसाठीं सुमारें शहात्तर. साध्या अडथळ्यांच्या शर्यतींतील अडसर पायाचा धक्का लागतांच पडतो. हा पडत नाहीं. येथें धक्का लागला तर पडतो तो धांवणारा. पाण्याचा खड्डा साडेतीन मीटरांहून अधिक लांब असतो आणि अडसराकडील बाजूस खोल. पाय थकले कीं उडी अपुरी पडते, बूट भिजतात, आणि भिजल्या बुटांनींच पुढची फेरी काढावी लागते. पूर्वीं इंग्लंड-आयर्लंडांत एका चर्चच्या मनोऱ्यापासून दुसऱ्या चर्चच्या मनोऱ्यापर्यंत कुंपणें आणि ओढे ओलांडीत शर्यती लावीत, त्यांतून हा प्रकार निघाला. आमच्या खेड्यांतील मुलांस तो शिकवावा लागूं नये, असें कोणासहि वाटेल. आमच्याकडे शाळेची वाटच तशी असते!

आतां साबळे यांच्या यशाची यादी देऊन मोकळें होणें सोपें आहे. वर्तमानपत्रें तेंच करतात. परंतु आम्हांस त्यांचें एकच वर्ष, २०२२ सालचें, क्रमानें पाहावयाचें आहे. कारण यादींत जें दिसत नाहीं तें क्रमांत दिसतें. रघुवंशाचा चौथा सर्ग वर्गांत शिकवितांना आम्ही रघूच्या दिग्विजयाचे मुक्काम मुलांकडून नकाशावर काढून घेत असूं. त्याच संवयीनें आम्हीं नातीला नकाशा आणावयास सांगितलें, आणि ती व आम्ही मिळून या धांवणाऱ्याचे मुक्काम त्यावर मांडीत बसलों.

पहिला मुक्काम तिरुवनंतपुरम्. तेथें २३ मार्च २०२२ रोजीं ते ८ मिनिटें १६.२१ सेकंदांत धांवले आणि त्यांनीं आपलाच राष्ट्रीय विक्रम मोडला. दुसरा मुक्काम अमेरिकेंत. सरावासाठीं ते कोलोराडो प्रांतांतील उंच पठारावर राहिले होते. ६ मे रोजीं कॅलिफोर्नियांतील सान हुआन कापिस्त्रानो येथें ते पांच हजार मीटर धांवले. वेळ १३ मिनिटें २५.६५ सेकंद. बहादुर प्रसाद यांचा १९९२ सालचा, तीस वर्षें टिकलेला राष्ट्रीय विक्रम त्या रात्रीं मोडला. तेथील आणि आपल्या घड्याळांत साडेबारा तासांचें अंतर. मुलगा धांवत असतांना मांडव्याला दुसरा दिवस उजाडलेला. तिसरा मुक्काम आफ्रिकेंत, मोरोक्कोची राजधानी रबात येथें, ५ जून रोजीं. तेथें ते पांचवे आले.

"पांचवे?" नातीनें नकाशावरून मान वर केली. आम्हीं म्हटलें, होय, पांचवे. आणि वेळ ८ मिनिटें १२.४८ सेकंद, म्हणजे पुन्हां नवा राष्ट्रीय विक्रम. त्यांच्या पुढें जगांतले चार जण होते. पण त्यांच्या मागें त्यांचा स्वतःचा सर्व भूतकाळ होता. ती कांहीं बोलली नाहीं. पेन्सिलीनें रबातवर एक टिंब दिलें आणि त्याभोंवतीं वर्तुळ काढलें.

चौथा मुक्काम पुन्हां अमेरिका, ऑरेगॉन प्रांतांतील युजीन हें गांव. येथें जगाची अजिंक्यपदाची स्पर्धा होती. प्राथमिक फेरी पार करून साबळे अंतिम शर्यतींत पोंचले. ती शर्यत १८ जुलै रोजीं झाली आणि ती विचित्रच झाली. जगांतील श्रेष्ठ धांवणारे एकमेकांकडे पाहत संथपणें धांवत राहिले. एक छायाचित्रण करणारा गृहस्थ तर चुकून धांवपट्टीवर येऊन उभा राहिला आणि धांवणारांनीं त्यास वळसे घातले. आणि शेवटीं एकदम वेग वाढला, त्यांत आपले साबळे मागें पडले. वेळ ८ मिनिटें ३१.७५ सेकंद, क्रमांक अकरावा. म्हणजे क्रमांकहि वाईट आणि वेळहि वाईट. सहा आठवड्यांपूर्वीं रबातला ते जसे धांवले होते, त्याहून सुमारें एकोणीस सेकंद उशीर.

वाचकहो, येथें क्षणभर थांबा. समजा, हा मुलगा तुमच्या घरचा आहे. मार्चापासून घराबाहेर आहे. जग पालथें घातलें, आणि ज्या एका शर्यतीसाठीं हें सर्व केलें, तींत तो अकरावा आला. त्या रात्रीं घरांत बैठक बसली असती तर निकाल काय लागला असता? आम्ही आमच्यापुरतें सांगतों. आम्हीं म्हटलें असतें, "झालें तेवढें पुष्कळ झालें. आतां परत ये."

पांचवा मुक्काम इंग्लंडांतील बर्मिंगहॅम, राष्ट्रकुल स्पर्धा, तारीख ६ ऑगस्ट. युजीनच्या शर्यतीस अवघे एकोणीस दिवस झाले होते. या स्पर्धेंत अडथळ्यांच्या शर्यतीवर केनिया देशाची मक्तेदारी होती. १९९८ पासून २०१८ पर्यंतच्या सहाहि स्पर्धांत सुवर्ण, रौप्य आणि कांस्य हीं तिन्ही पदकें, म्हणजे अठराच्या अठरा, केनियाच्या धांवणारांनीं नेलीं होतीं. त्या दिवशींहि पुढें तीन केनियन आणि त्यांच्या पाठीशीं साबळे, असाच देखावा बराच वेळ होता. पण अखेरच्या फेरींत साबळे एकेकास मागें टाकीत गेले. केनियाचे अब्राहम किबिवोट ८ मिनिटें ११.१५ सेकंदांत पोंचले आणि साबळे ८ मिनिटें ११.२० सेकंदांत. सुवर्ण हुकलें तें सेकंदाच्या विसाव्या भागानें. रौप्यपदक मिळालें, राष्ट्रीय विक्रम पुन्हां मोडला, आणि केनियाची ती चोवीस वर्षांची सांखळी तुटली.

या पांच मुक्कामांत आमच्या मतें सारें सार आहे. चौथ्या मुक्कामावर हिशेब मिटविला असता तर पांचवा मुक्काम आलाच नसता. युजीनची शर्यत हरली म्हणून बर्मिंगहॅमची मिळाली, असें आम्हांस म्हणावयाचें नाहीं. हरण्यांत कांहीं जादू नसते. म्हणावयाचें एवढेंच कीं, हंगाम ही एक शर्यत नव्हे. शेतकरी मृगाच्या पहिल्या पावसावर वर्षाचें पीक ठरवीत नाहीं. आपण शिकलेलीं माणसें मात्र एका परीक्षेवर, एका शर्यतीवर, एका मुलाखतीवर मुलाचें सारें आयुष्य ठरवावयास तयार असतों.

साबळे यांचें पूर्वीचें आणि नंतरचें आयुष्यहि हेंच सांगतें. घोट्याच्या दुखापतीमुळें २०१८ सालच्या आशियाई स्पर्धेस ते मुकले. आणि त्याच वर्षीं सप्टेंबरांत भुवनेश्वर येथें त्यांनीं गोपाळ सैनी यांचा १९८१ पासूनचा राष्ट्रीय विक्रम मोडला. टोकियोच्या ऑलिंपिकमध्यें त्यांस अंतिम फेरी मिळाली नाहीं. पॅरिसला २०२४ मध्यें ती मिळाली आणि तेथें ते अकरावे आले. मध्यंतरीं १ ऑक्टोबर २०२३ रोजीं चीनमधील हांगचौ येथें आशियाई स्पर्धेंत सुवर्णपदक मिळालें. त्यांची सर्वांत चांगली वेळ, ८ मिनिटें ९.९१ सेकंद, ही जुलै २०२४ मध्यें पॅरिस येथील डायमंड लीगच्या ज्या शर्यतींत नोंदली गेली, तींत ते सहावे होते. आणि हें सर्व गोडच आहे असें नाहीं. जुलै २०२५ मध्यें मोनॅको येथें त्याच पाण्याच्या अडथळ्यावर ते पडले, गुडघा जायबंदी झाला, शस्त्रक्रिया करावी लागली आणि त्या वर्षाची जागतिक स्पर्धा हातची गेली. मुलांस या वाटेवर पाठविणाऱ्या घरानें ही बाजूहि डोळे उघडे ठेवून पाहावी.

येथें आमच्या भावजयींनीं एक शंका काढली आणि ती रास्त होती. "तो पुरुष माणूस, त्यांतून सैन्यांतला. मुलीचें कसें?" त्यांस आम्हीं सातारा जिल्ह्यांतील माण तालुक्यांतल्या मोही गांवच्या ललिता बाबर यांचें उदाहरण सांगितलें. माण म्हणजे दुष्काळी मुलूख. त्या गांवची ही मुलगी त्याच अडथळ्यांच्या शर्यतींत २०१५ सालीं आशियाची अजिंक्य ठरली, आणि २०१६ सालीं रिओ येथील ऑलिंपिकमध्यें अंतिम फेरी गांठून दहावी आली. १९८४ सालीं पी. टी. उषा यांनीं अंतिम फेरी गांठल्यानंतर धांवपट्टीवरील वैयक्तिक शर्यतींत अंतिम फेरी गांठणारी भारतीय स्त्री तीच. बत्तीस वर्षांचें अंतर! भावजयी म्हणाल्या, "तिच्या घरच्यांनीं तिला पाठविली, तें मोठें." आम्ही म्हटलें, तेंच तर सांगत आहों.

आतां ती जुनी गोष्ट. ती सांगितल्यावांचून हा लेख प्रामाणिक होणार नाहीं.

पंचवीस-एक वर्षें झालीं असतील. आमच्या शाळेंत आठवींत एक मुलगा होता. आईबाप ऊसतोडीला जात. हा आजीजवळ राहून शाळा शिके. अनवाणी धांवे आणि वाऱ्यासारखा धांवे. त्या वर्षीं खेळाचे शिक्षक नव्हते. म्हणून मुलांस स्पर्धेस नेण्याचें काम संस्कृताच्या मास्तरावर, म्हणजे आमच्यावर, आलें. तालुक्याला तो पहिला आला, जिल्ह्यालाहि पहिला आला. विभागाला त्यास कोणाचे तरी मागून आणलेले बूट घालावयास दिले. ते त्याच्या पायास होत नव्हते हें त्यानें आम्हांस सांगितलें नाहीं, आणि आम्हींहि विचारलें नाहीं. तो नववा आला. परतीच्या एस्. टी. मध्यें तो खिडकीला डोकें टेंकून बसला होता. आम्हीं त्याच्या पाठीवर हात ठेवून, मायेनेंच, म्हटलें, "बाळ, पुरे आतां. तुझें काम अभ्यास करण्याचें." पुढल्या वर्षीं संघाची यादी करावयाची वेळ आली, तेव्हां त्याचें नांव आम्हींच खोडलें. त्या दिवाळीनंतर त्याचें बांक रिकामें झालें. आईबापांबरोबर तो कारखान्यावर गेला, आणि शाळेंत पुन्हां आला नाहीं. धांवणें हेंच त्यास शाळेशीं बांधून ठेवणारें एक दोर होतें, तें आपण आपल्या हातानें कापलें, हें आम्हांस त्या वेळीं कळलें नाहीं.

समर्थांचें जन्मस्थान जांब हें आमच्याच जिल्ह्यांतलें, घनसावंगी तालुक्यांतलें. गांवोगांव मारुतीचीं देवळें स्थापून बलोपासना शिकविणाऱ्या पुरुषाची जयंती आम्ही शाळेंत दर रामनवमीस करीत असूं, आणि बलोपासनेवर भाषण आमचेंच असे. त्या वर्षींहि तें झालें. टाळ्याहि मिळाल्या.

चार वर्षांपूर्वीं जालन्याच्या मोसंबी बाजारांत एका टेम्पोमागून हांक आली, "गुरुजी, वळखलं का?" तोच होता. अंगानें भरला होता. त्यानें आम्हांस बसावयास खोकें दिलें, चहा आणविला, आपल्या मुलाची शाळा सांगितली, आणि पिशवीभर मोसंबी आग्रहानें दिली. शर्यतीचा विषय त्यानें काढला नाहीं. आम्हींहि काढला नाहीं. चहा थंड होईपर्यंत तो शब्द आमच्या जिभेवर होता. घरीं येईपर्यंत ती पिशवी आम्हांस फार जड लागली.

तेव्हां यंदा आमच्या घरची मुलगी आठवी आली, आणि पुन्हां निकाल देण्याची पाळी आमच्यावर आली, तेव्हां मनाची काय अवस्था झाली तें वाचकांनीं जाणावें. आम्हीं तिला तिची वही मागितली. तिच्या शिक्षिकेनें प्रत्येक शर्यतीची वेळ तींत लिहून ठेविलेली आहे. तालुक्याला, जेथें ती पहिली आली, तेथें तिला ५ मिनिटें ४८ सेकंद लागले होते. जिल्ह्याला, जेथें ती दुसरी आली, तेथें ५ मिनिटें ४१. आणि विभागाला, जेथें ती आठवी आली, तेथें ५ मिनिटें ३३. क्रमांक खालीं खालीं जात होता आणि मुलगी वर वर जात होती; घरांत कोणीहि तिला वेळ विचारली नव्हती. सर्वांनीं विचारलें तें एवढेंच, "कितवी आलीस?" पहिला प्रश्न आम्हींच विचारला होता.

ती वही आम्हीं सर्वांपुढें वाचून दाखविली. फार वाद झाला नाहीं. ठरलें तें असें. दहावीची परीक्षा होईपर्यंत बाहेरगांवच्या शर्यती निवडक, वर्षांत तीनच. पण रोजचा सराव मोडावयाचा नाहीं. रात्रीं साडेनवाला दिवा मालवावयाचा, कारण वाढत्या वयाच्या धांवणाऱ्या मुलीस निजेइतकें औषध दुसरें नाहीं. तिच्या ताटांत वरण, दूध, शेंगदाणे आणि गूळ यांस कोणी हिशेब लावूं नये, आणि उपवासाचा आग्रह धरूं नये. बाहेरगांवीं जातांना घरांतील एका मोठ्या माणसानें आळीपाळीनें बरोबर जावें. एकत्र कुटुंबाचा हाच तर फायदा. एकट्या आईबापांवर जो भार पडतो तो येथें आठांत वांटतां येतो. धाकट्या सुनेनें पहिली पाळी आपण होऊन मागितली. कोठें दुखलें तर लपवावयाचें नाहीं, आणि बूट पायाचे असावे, मागून आणलेले नसावे. ही शेवटची अट आमची. ती कां घातली हें आम्हीं घरांत सांगितलें नव्हतें. आतां येथें वाचतील.

आणखी एक ठरलें. शर्यतीहून परत आल्यावर पहिला प्रश्न 'कितवी' हा नसावा. 'वेळ किती लागली' हाहि नसावा. 'जेवलीस का' हा असावा. बाकीचें वहींत असतें.

ती पदक आणील असें आम्ही म्हणत नाहीं. हजारों मुलें धांवतात, त्यांतून एखादा साबळे, एखादी बाबर निघते. उरलेल्यांचें काय? उरलेल्यांजवळ निरोगी देह असतो, पहांटे उठण्याची संवय असते, आणि हरल्यावर दुसऱ्या दिवशीं पुन्हां बूट बांधतां येतात हें ठाऊक असतें. आमच्या पिढीला संस्कृत आलें, व्याकरण आलें, पण ही शेवटची विद्या फारशी आली नाहीं. ती आमच्या नातीला येत असेल तर तेवढ्यावर आम्ही संतुष्ट आहों.

राहिला तिचा प्रश्न. तीं माणसें घरीं केव्हां जातात? आम्हीं तिला सांगितलें कीं, हंगाम संपला कीं जातात. आणि हंगाम केव्हां संपला हें ज्याचें त्यानें ठरवावें, मास्तरांनीं ठरवूं नये.

सध्या पहांटे साडेपांचला आमच्या वाड्याच्या दिंडीची कडी वाजते. म्हातारपणीं झोंप तशीहि लौकर उडते. म्हणून कडी काढण्याचें काम आम्हीं आपल्याकडे घेतलें आहे. ती मत्स्योदरी देवीच्या टेकडीच्या बाजूला धांवत जाते. तिच्या पावलांचा आवाज ऐकूं येईनासा झाला तरी आम्ही थोडा वेळ तेथेंच उभे राहतों. त्या वेळीं डोळ्यांपुढें आणखी एक मुलगा असतो, अनवाणी. त्याचें नांव आतां कोणत्याहि यादींत घालतां येत नाहीं.